अंगणवाडीच्या मोबाईलमध्ये काय असतं?

एकात्मिक बालविकास सेवा योजना : २ ऑक्टोबर १९७५ पासून. लाभार्थी सहा वर्षांपर्यंतची मुलं, गरोदर आणि स्तनदा माता. मोबाईल येण्याआधी सेविकेच्या नोंदी ११ रजिस्टरांत असत.

पोषण अभियान : ८ मार्च २०१८. सोबत ‘कॅस’ हे ॲप. मार्च २०२१ पासून त्याच्या जागी ‘पोषण ट्रॅकर’. त्यातल्या नोंदी :

• रोज : हजेरी, गरम ताजा आहार, गृहभेटी.
• दरमहा : वजन, उंची. त्यावरून पोषणाची श्रेणी ॲप काढतं, मोजमाप मात्र सेविकेच्याच हातचं. काटा चुकला की श्रेणीही चुकते. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून मोजायची, त्यापुढे उंची उभं करून.

गल्लत होणारे तीन शब्द

*बुटकेपणा* – वयाच्या मानाने उंची कमी. दीर्घकाळच्या कुपोषणाची खूण.
*लुकडेपणा* – उंचीच्या मानाने वजन कमी. बहुधा अलीकडची उपासमार किंवा आजार. यातच ‘मॅम’ (मध्यम) आणि ‘सॅम’ (तीव्र). जिवाला सर्वाधिक धोका सॅम बालकाला. ही नोंद एक दिवसही मागे राहू नये.
*कमी वजन* – वयाच्या मानाने वजन कमी. कारण वरच्यांपैकी कोणतंही, किंवा दोन्ही.

महाराष्ट्रात : २०२१ मध्ये सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. तक्रारी दोन : फोन निकृष्ट, ॲपमध्ये मराठी नाही.

घरपोच आहार (टीएचआर) : सहा महिने ते तीन वर्षांची बालकं, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यासाठी. १ जुलै २०२५ पासून वाटपावेळी चेहरा-पडताळणी सक्तीची.