नृत्याच्या पोशाखावरील फुलगांठ

शाळेचें स्नेहसंमेलन जवळ आलें कीं, नृत्याच्या तालमींबरोबर पोशाखांचीही धांदल सुरू होते. या पोशाखांवर कमरेला, खांद्यावर किंवा केसांत कापडाची एक शोभेची गांठ बसवितात. तिला आपण इंग्रजी शब्दानें ‘बो’ म्हणतों; परंतु मराठी विभक्ति लावूं गेल्यास त्या शब्दाची मोठी फजीती होते, म्हणून या लेखांत आम्ही तिला ‘फुलगांठ’ म्हणणार आहों. वस्तु लहान आहे. पण ती कशी घडते, कां टिकते व कां सुटते, हें समजून घेण्यांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे.

ही शोभा मूळची युरोपांतील. फ्रेंच कलावंत एडगर देगा यानें १८८१ सालीं पॅरिस येथील एका प्रदर्शनांत चौदा वर्षांच्या नर्तकीचा मेणाचा पुतळा मांडला. त्याच्या अंगावर खऱ्या कापडाची चोळी व झगा असून केसांना खरीखुरी साटिनची फीत बांधलेली होती. मेणावर कापड चढविलेलें पाहून कित्येकांनीं नांवें ठेवलीं. आज तो मूळ पुतळा वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयांत आहे. ज्या मुलीवरून तो घडविला, ती पॅरिसच्या ऑपेराच्या नृत्यशाळेंत शिकत होती व तिची आई परटीण होती. अशा गरीब घरच्या मुलीच्या केसांतील ती साधी फीत शिल्पकारानें वगळली नाहीं.

मात्र प्रत्येक नृत्याला फुलगांठ शोभत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. लावणीच्या नऊवारी लुगड्याला काठ व पदर हीच शोभा. भरतनाट्यमच्या पोशाखाला पुढच्या चुण्यांचा पंखा पुरेसा आहे. तेथें ती उपरी दिसेल. लहान मुलींचे झगे, पऱ्यांचीं व फुलपाखरांचीं नृत्यें, पाश्चात्य धर्तीचीं नृत्यें, हें तिचें खरें स्थान.

आतां पहिला प्रश्न असा कीं, फीत नुसती बांधली तर काय बिघडलें? आपण निरगांठ व सुरगांठ यांतील भेद जाणतोंच. बांधलेली फुलगांठ ही सुरगांठ असते. टोंक ओढलें कीं ती सुटते. उड्या व गिरक्या घेतांना टोंकें वारंवार हिसडलीं जातात, आणि साटिनसारखें गुळगुळीत कापड तर आपोआपच सरकतें. म्हणून नृत्यासाठीं ती बांधूं नये, शिवावी. शिवलेल्या फुलगांठींत खरी गांठ नसतेच. केवळ गांठीचा देखावा असतो.

कापड निवडतांना धाग्यांची दिशा पाहावी. उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या रेषेंत कापलेली पट्टी फारशी ताणत नाहीं व तिचे फांसे ताठ राहतात. उरेब, म्हणजे तिरप्या रेषेंत, कापलेली पट्टी ताणते व फांसे मऊपणें खालीं झुकतात. रंगमंचावर लांबून आकार स्पष्ट दिसावयाचा असल्यानें बहुधा सरळ धाग्याचीच पट्टी घ्यावी. कापड फार तलम असेल तर आंत पातळ अस्तर घालावें.

मापाचा हिशोब सोपा आहे. ५ इंच रुंद व ३ इंच उंच अशी फुलगांठ हवी आहे, असें समजूं. कापड दुहेरी होणार, म्हणून उंचीची दुप्पट ६ इंच व दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच शिवण, मिळून ७ इंच. रुंदीची दुप्पट १० इंच व टोंकें एकमेकांवर चढविण्यास १ इंच, मिळून ११ इंच. असा ११ × ७ इंचांचा तुकडा सुलट बाजू आंत ठेवून लांबीवर दुमडावा, लांब कडेला टीप मारावी, नळी उलटवून शिवण पाठीमागें मध्यावर आणावी व इस्त्री करावी. नंतर दोन्ही टोंकें मागच्या बाजूस मध्यावर आणून एकावर एक १ इंच चढवावीं व टांके घालावे. मध्यावर वरून खालपर्यंत धांवदोरा घालून तो ओढला कीं चुण्या पडतात आणि दोन फांसे आपोआप उमलतात. तोच दोरा मध्याभोंवतीं तीनचार वेळां गुंडाळून पक्का करावा. ३ × ३॥ इंचांच्या तुकड्याची १ इंच रुंद पट्टी करून ती मध्यावर गुंडाळावी व मागें शिवावी. लोंबत्या शेंड्यांसाठीं १२ × ४ इंचांची पट्टी याच रीतीनें शिवून, टोंकें तिरपीं करून, मध्यावर दुमडून मागें जोडावी.

तीस मुलींसाठीं कापड किती लागेल? ३६ इंच पन्ह्याच्या कापडांत ७ इंचांच्या एका ओळींत तीन फांसे बसतात व ३ इंच उरतात. त्यांत मधल्या दोन पट्ट्या निघतात. ४ इंचांच्या एका ओळींत तीन शेंडे पुरे बसतात. अशा दहा जोडओळींना ११० इंच लागतात. मधल्या पट्ट्यांपैकीं उरलेल्या दहा ३॥ इंचांच्या आणखी एका ओळींत निघतात. एकूण ११३॥ इंच, म्हणजे ३ मीटर कापडांत तीसही मुलींचें काम होतें. पालकांनीं हा हिशोब अवश्य पाहावा. शोभेचा खर्च परवडत नाहीं म्हणून एखादी मुलगी नृत्यांतून मागें राहावी, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही शाळेस शोभणारी वाटत नाहीं.

फुलगांठ बसवितांना केवळ मध्यभाग पोशाखाला जोडावा. फांसे मोकळे ठेवावे, म्हणजे ते नर्तकीबरोबर हालतात. पोशाखाचें कापड पातळ असेल तर आंतून जाड कापडाचा चौकोनी तुकडा लावावा, नाहींतर भारानें कापड ओढलें जातें. पोशाख धुवावयाचा असेल तर टिच बटणें लावावीं. अमेरिकेंतील वॉल्टर हंट यानें १८४९ सालीं सेफ्टी पिनेचें पेटंट घेतलें. ती फार उपयोगी वस्तु आहे. पण उडीच्या हिसक्यानें ती उघडूं शकते, आणि रंगमंचावर मुलें बहुधा अनवाणी नाचतात. नाचणाऱ्या मुलाच्या अंगावर टाचणी तर कधींच राहूं देऊं नये.

आणखी एक सावधगिरी. पॉलिएस्टर व नायलॉन हीं कापडें उष्णतेनें वितळतात व वितळलेलें कापड कातडीला चिकटून खोल भाजतें. त्यांवर इस्त्री कोमट असावी, वर सुती फडकें घालावें, आणि हे पोशाख दिवे व समया यांपासून दूर ठेवावे. कडा उसवूं नयेत म्हणून त्या ज्योतीवर धरण्याची युक्ति पुष्कळांस ठाऊक असते. तें काम वडील माणसांनींच करावें. मुलांनीं कडा दुमडून हेम घालावी.

विद्यार्थी मित्रहो, सुई हें केवळ मुलींचें हत्यार आहे असें समजूं नका. शहरोशहरींचे कित्येक निष्णात शिंपी पुरुषच आहेत. पुढच्या संमेलनापूर्वीं एखादी जुनी ओढणी घेऊन एक फुलगांठ स्वतः शिवून पाहा. मग ती पोशाखाला लावून पोशाख चांगला झटका. ती जागची हालली नाहीं, तर टांका पक्का बसला; हालली, तर उसवून पुन्हा शिवा. रंगमंचावर सुटण्यापेक्षां घरीं उसवलेली बरी.