आर्ट्सची पोरं आणि सीईटीची कोडी

"आमची पोरगी आर्ट्सची. ते कोडीबिडी तिच्या डोस्क्यात बसायची न्हाईत." एमबीए सीईटीचे फॉर्म सुटले की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या क्लासांच्या जिन्यात हे दरवर्षी ऐकू येतं. बोलतात वडील, पोरगी शेजारी गप्प उभी असते. कोड्यात गणित असतं, हे यांना सांगितलं तरी कुणी?

एक कोडंच घ्या. मिसळच्या दुकानात अ, ब, क, ड, इ एका बाकावर उत्तरेकडे तोंड करून बसलेत. ब च्या उजव्या हाताला लागूनच ड. अ टोकाला नाही. क बरोबर मध्ये. इ डाव्या टोकाला नाही. तर कोण कुठे?

नवखा पहिल्या वाक्यापासून सुरू होतो, तेही मनातल्या मनात, आणि अडकतो. धरायची ती पक्की जागा. पाच रेघा मारा, मधल्या रेघेवर क लिहा. ब-ड जोडी आता पहिल्या-दुसऱ्या जागी बसेल, नाहीतर चौथ्या-पाचव्या. दोन्ही आकृत्या काढा. पहिलीत अ चौथा, इ पाचवा. दुसरीत अ दुसरा आणि इ डाव्या टोकाला, म्हणजे ती बाद. राहिलं ब, ड, क, अ, इ. यात साधी बेरीज तरी केली का?

पटत नसेल तर अमेरिकेचं बघा. तिथल्या लॉ प्रवेशाच्या एलसॅट परीक्षेत अशा कोड्यांचा स्वतंत्र विभाग होता. आकृती काढता येत नाही म्हणून आमच्यावर अन्याय होतो, असं म्हणत दृष्टिहीन उमेदवार कोर्टात गेले. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून तो विभागच गेला. भांडण आकृतीचं होतं, गणिताचं नव्हे.

"मग आपल्याकडूनही कोडी जातील की!" एवढ्यात आशा नको. गेल्या काही वर्षांच्या नमुन्यात एमबीए सीईटीच्या २०० प्रश्नांत ७५ तर्काचे आहेत, आणि कोडी त्यातच येतात.

"चुकलं की मार्क कापतात." कॅट, क्लॅटमध्ये कापतात, या सीईटीत नाही. तरी पोरं प्रश्न कोरे सोडून येतात, याला काय म्हणावं!

"हातात घेतलेलं कोडं सोडायचं नाही." १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे एकाला सरासरी ४५ सेकंद. एका आकृतीवर चार-पाच प्रश्न सुटणार असतील तर तिला तीन मिनिटं द्या. तेवढ्यात उभी राहिली नाही, तर अंदाजाने पर्याय टिक करा आणि पुढचा प्रश्न घ्या.