केंद्रपुरस्कृत नागरी गृहनिर्माण योजना आणि स्थानिक संस्थेची अहवाल-व्यवस्था : जालना शहराच्या संदर्भात

बीजशब्द : प्रधानमंत्री आवास योजना (शहरी), उपयोगिता प्रमाणपत्र, जिओ टॅगिंग, सामाजिक लेखापरीक्षण, माहितीचा अधिकार, नागरी स्थानिक संस्था

प्रस्तावना

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. कुंडलिका नदीच्या दोन्ही तीरांवर जुना जालना व नवा जालना अशा दोन भागांत वसलेले जिल्ह्याचे मुख्यालय बियाणे उद्योग आणि पोलाद उद्योग यांसाठी सर्वत्र परिचित आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ आणि जालना शहराची लोकसंख्या २,८५,५७७ होती. या आकाराच्या शहरास गरिबांच्या घरकुलांचा प्रश्न केवळ स्थानिक कर-उत्पन्नातून सोडविणे शक्य नसते. त्यामुळे केंद्र व राज्य शासनाच्या अनुदानावर अवलंबून राहणे अपरिहार्य ठरते.

अनुदान आले की हिशेब आला. मिळालेला निधी, झालेला खर्च आणि उभी राहिलेली घरे यांचा अहवाल नागरी स्थानिक संस्थेस द्यावाच लागतो. परंतु हा अहवाल कोणास द्यावयाचा, त्यात काय असते आणि काय नसते, हा प्रश्न अभ्यासकांकडून सहसा उपेक्षित राहतो. प्रस्तुत लेखात या अहवाल-व्यवस्थेचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. ही व्यवस्था वरच्या दिशेने, म्हणजे शहराकडून राज्याकडे व राज्याकडून केंद्राकडे, बऱ्यापैकी काटेकोर आहे. तथापि ज्या नागरिकांसाठी योजना राबविली जाते त्यांच्याकडे जाणारा अहवाल मात्र तुकड्यातुकड्यांत विखुरलेला आहे, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र होय.

घटनात्मक व वैधानिक चौकट

१ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा दिला. बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांमध्ये झोपडपट्टी सुधारणा व दर्जावाढ आणि नागरी दारिद्र्य निर्मूलन यांचा समावेश आहे. म्हणजेच घरकुलाचा विषय तत्त्वतः शहराच्या कक्षेत आला. निधी मात्र प्रामुख्याने वरून येत राहिला. विषय स्थानिक आणि पैसा केंद्राचा, या रचनेतूनच अहवालाची दिशा ठरली : ज्याचा पैसा, त्यास हिशेब.

स्थानिक पातळीवरील उत्तरदायित्वासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. नगरपरिषदांना १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम लागू असून त्यांचे लेखापरीक्षण स्थानिक निधी लेखापरीक्षा यंत्रणा करते. महानगरपालिकांत मुख्य लेखापरीक्षकाचे पद असते व त्याचे अहवाल स्थायी समितीपुढे येतात. दोन्ही प्रकारच्या संस्थांनी वार्षिक प्रशासन अहवाल तयार करणे अपेक्षित आहे. याशिवाय माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) मधील बाराव्या बाबीनुसार अनुदान कार्यक्रमांच्या अंमलबजावणीची रीत, वाटप केलेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील हे सर्व प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करावयाचे असते. त्याच कलमात माहितीच्या प्रसारासाठी स्थानिक भाषेचा विचार करावा, असेही नमूद आहे.

योजनांची वाटचाल

२००१ च्या वाल्मिकी-आंबेडकर आवास योजनेनंतर, डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू झाले. निवडक अभियान-शहरांसाठी 'शहरी गरिबांसाठी मूलभूत सेवा' आणि उर्वरित शहरांसाठी 'एकात्मिक गृहनिर्माण व झोपडपट्टी विकास कार्यक्रम' अशी त्याची विभागणी होती. मराठवाड्यातून नांदेड अभियान-शहरांत होते. जालन्यासारखी मध्यम शहरे दुसऱ्या गटात मोडत होती.

या अभियानाचे लेखापरीक्षण करताना भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी आपल्या २०१२-१३ च्या अहवाल क्रमांक १५ मध्ये नोंदविलेली आकडेवारी बोलकी आहे. मंजूर १,५१७ गृहनिर्माण प्रकल्पांपैकी ३१ मार्च २०११ पर्यंत केवळ २२ पूर्ण झाले होते. निधी वितरित झाला म्हणजे घर उभे राहिले असे होत नाही, हा त्यातील धडा होता.

२५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) मध्ये या धड्याचे प्रतिबिंब दिसते. तिचे चार घटक होते : झोपडपट्टीचा आहे तेथेच पुनर्विकास, कर्जसंलग्न व्याज अनुदान, भागीदारीतून परवडणारी घरे आणि लाभार्थ्याने स्वतःच्या जागेवर करावयाचे वैयक्तिक घरकुल बांधकाम. मध्यम शहरांच्या दृष्टीने चौथा घटक विशेष महत्त्वाचा. या घटकात केंद्राचे १.५० लाख व महाराष्ट्र राज्याचे १ लाख असे एकूण २.५० लाख रुपये साहाय्य निश्चित होते. उर्वरित खर्च लाभार्थ्याने करावयाचा होता. १ सप्टेंबर २०२४ पासून या योजनेचा दुसरा टप्पा, 'प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.०', सुरू झाला.

अहवालाचा प्रवास

चौथ्या घटकातील एका घरकुलाचा प्रवास पाहिल्यास अहवालाची यंत्रणा स्पष्ट होते. प्रथम शहर मागणी सर्वेक्षण करते व पात्र कुटुंबांची यादी जोडून सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करते. तो राज्याची सुकाणू यंत्रणा असलेल्या म्हाडामार्फत राज्यस्तरीय मंजुरी व संनियंत्रण समितीकडे आणि तेथून केंद्रीय समितीकडे जातो. मंजुरीनंतर केंद्राचा हिस्सा ४०, ४० व २० टक्के अशा तीन हप्त्यांत मिळतो. दुसऱ्या हप्त्यासाठी आधीच्या रकमेपैकी ७० टक्के रकमेचा विनियोग आणि त्यास अनुरूप बांधकाम दाखवावे लागते. अखेरचा हप्ता बांधकाम पूर्ण होण्याशी निगडित असतो.

या टप्प्यावर दोन दस्तऐवज निर्णायक ठरतात. पहिला म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. मंजूर रक्कम ज्या प्रयोजनासाठी दिली त्याच प्रयोजनासाठी खर्च झाली, असे त्यात प्रमाणित केले जाते. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ नुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत ते सादर करणे अपेक्षित असते. दुसरा दस्तऐवज म्हणजे घराचे जिओ टॅगिंग. पाया, लिंटेल, छत व पूर्णत्व अशा टप्प्यांवर घराची छायाचित्रे अक्षांश-रेखांशासह 'भुवन' या इस्रोच्या प्रणालीवर चढविली जातात. पूर्वी कागदावर बांधलेले घर शोधण्यास लेखापरीक्षकाला प्रत्यक्ष जावे लागे. आता प्रत्येक घराची जागा नकाशावर दिसते. जुलै २०२१ पासून केंद्रपुरस्कृत योजनांसाठी राज्यात एकच सुकाणू खाते ठेवण्याची पद्धत आल्याने निधी कोठे पडून आहे हेही वरिष्ठ कार्यालयास कळू लागले.

या सुधारणांचे महत्त्व नाकारता येत नाही. मात्र त्या सर्वांचा वाचक एकच आहे : निधी देणारा.

'पूर्ण' या नोंदीचा अर्थ

अहवालात एखादे घर 'पूर्ण' दिसते तेव्हा बांधकामाचे सर्व टप्पे छायाचित्रांसह नोंदले गेले, एवढाच त्याचा निश्चित अर्थ असतो. त्या घरात नळजोडणी आहे काय, सांडपाणी कोठे जाते, रस्ता दारापर्यंत पोहोचतो काय आणि लाभार्थ्याने २.५० लाखांवरील रक्कम कोणत्या व्याजदराने उभी केली, या बाबी त्या नोंदीत येत नाहीत.

याचे कारण योजनांच्या विभागणीत आहे. घराची नोंद आवास योजनेच्या प्रणालीत, पाणी व मलनिःसारणाची नोंद २०१५ मध्येच सुरू झालेल्या 'अमृत' अभियानात आणि शौचालयाची नोंद स्वच्छ भारत अभियानात होते. घाणेवाडी जलाशय आणि जायकवाडी प्रकल्प यांवर तहान भागविणाऱ्या जालन्यात घर आणि पाणी हे प्रश्न वेगळे करता येत नाहीत. कुटुंबाच्या दृष्टीने जे एकच घर आहे, ते अहवालांच्या दृष्टीने तीन ठिकाणी विभागलेले असते. गृहनिर्माण आणि सामुदायिक विकास यांचा एकत्रित हिशेब कोणत्याही एका कागदावर मिळत नाही.

अहवालाबाहेर राहणारी कुटुंबे

चौथ्या घटकाची पूर्वअट म्हणजे जागेची मालकी. कच्च्या घरात राहणाऱ्या ज्या कुटुंबाकडे जागेचा कागद नाही, ते या घटकातून घर बांधू शकत नाही. मराठवाड्यात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. खिदमतमाश, मदतमाश अशा इनाम जमिनींचा वारसा, भोगवटादार वर्ग-२ ची बंधने, नोंदणी न करता मुद्रांक कागदावर झालेले व्यवहार आणि शासकीय जमिनीवरील जुन्या वस्त्या यांमुळे प्रत्यक्ष ताबा व कायदेशीर मालकी यांत अंतर पडते. शासकीय जमिनीवरील निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण राज्य शासनाने २०१८ मध्ये जाहीर केले, ते हे अंतर कमी करण्यासाठीच.

अहवालाच्या दृष्टीने येथे एक सूक्ष्म परंतु गंभीर बाब संभवते. प्रगती अहवालाची गणना मंजूर घरांपासून सुरू होते. मंजूर घरांपैकी किती सुरू झाली, किती पूर्ण झाली, याचे प्रमाण त्यात असते. मागणी नोंदवूनही कागदाअभावी वगळलेली कुटुंबे त्या भागाकारात छेदस्थानी येतच नाहीत. परिणामी सर्वांत गरजू कुटुंबे बाहेर असतानाही शहराची टक्केवारी उत्तम दिसू शकते.

ग्रामीण भागाशी तुलना

जालना जिल्ह्याच्या ग्रामीण भागात प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) जिल्हा परिषदेमार्फत राबविली जाते. तेथे लाभार्थ्यांची प्राधान्यक्रम यादी ग्रामसभेपुढे ठेवून तिची पडताळणी करावी लागते आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत वर्षातून किमान एकदा सामाजिक लेखापरीक्षण अपेक्षित आहे. ग्रामसभा सदैव आदर्श रीतीने चालते असे नव्हे. तरीही एखाद्याचे नाव का वगळले, हे चारचौघांत विचारण्याची एक कायदेशीर जागा तेथे आहे.

शहरात अशी जागा निर्माण करण्याचा प्रयत्न २००९ मध्ये झाला. नागरी अभियानातील सुधारणांचा भाग म्हणून महाराष्ट्राने महानगरपालिका व नगरपरिषदा कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद केली. परंतु ग्रामसभेप्रमाणे ही सभा शहरवासीयांच्या अंगवळणी पडली नाही. शहरी आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतही सामाजिक लेखापरीक्षण आहे. मात्र त्याचे निष्कर्ष कोणत्या सभेपुढे वाचले जावेत, हा प्रश्न मोकळाच राहतो.

अमेरिकेतील पद्धती

संघराज्यीय निधीचा हिशेब नागरिकांसमोर मांडण्याची एक निराळी पद्धती अमेरिकेत आढळते. १९७४ च्या गृहनिर्माण व सामुदायिक विकास कायद्याने तेथे शहरांना समूह अनुदान देण्यास प्रारंभ झाला. अनुदान घेणारे शहर तीन ते पाच वर्षांचा एकत्रित आराखडा करते आणि कार्यक्रम-वर्ष संपल्यापासून ९० दिवसांत वार्षिक कामगिरी अहवाल सादर करते. हा अहवाल पाठविण्यापूर्वी नागरिकांच्या अभिप्रायासाठी किमान १५ दिवस खुला ठेवावा लागतो आणि आलेल्या अभिप्रायांचा सारांश त्यास जोडावा लागतो.

ही पद्धती निर्दोष नाही. तेथील अहवालही तांत्रिक असतात आणि सामान्य नागरिक ते क्वचितच वाचतात. तथापि तिच्यातील दोन तत्त्वे विचारात घेण्याजोगी आहेत : घर, पायाभूत सुविधा व सामुदायिक सेवा यांचा हिशेब एकाच दस्तऐवजात येतो, आणि तो वर जाण्यापूर्वी काही काळ खाली थांबतो.

संक्रमणकाळातील जालना

२०२३ मध्ये जालना नगरपरिषदेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. नव्या महानगरपालिकेची पहिली निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये पार पडली; तोपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. या काळात केंद्राकडे जाणाऱ्या अहवालांची आवश्यकता कायम होती, कारण हप्ते त्यांवर अवलंबून होते. परंतु सर्वसाधारण सभेत उभे राहून आपल्या प्रभागातील रखडलेल्या हप्त्याविषयी प्रश्न विचारणारा निर्वाचित सदस्य नव्हता. अहवालाचा स्थानिक वाचकच अनुपस्थित असला, तर वरच्या दिशेची शिस्त लोकशाही उत्तरदायित्वाची जागा घेऊ शकत नाही, हे यातून स्पष्ट होते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, केंद्रपुरस्कृत घरकुल योजनांच्या अहवाल-व्यवस्थेत तंत्रज्ञानाची उणीव नाही. उणीव आहे ती वाचकाच्या निवडीत. ती दूर करण्यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. पुढील उपाय विद्यमान तरतुदींच्या चौकटीत शक्य आहेत.

१. आवास, पाणीपुरवठा, मलनिःसारण व स्वच्छता या योजनांचा प्रभागनिहाय एकत्रित वार्षिक अहवाल मराठीत प्रसिद्ध करावा व वार्षिक प्रशासन अहवालास जोडावा.

२. मंजूर व पूर्ण घरांसोबत मागणी नोंदविलेली, नाकारलेली व प्रलंबित प्रकरणे कारणांसह, व्यक्तिगत माहिती उघड न करता, दर्शवावीत.

३. 'पूर्ण' या नोंदीपुढे नळजोडणी, सांडपाणी व वीजजोडणी यांचे रकाने असावेत.

४. सामाजिक लेखापरीक्षणाचे निष्कर्ष सर्वसाधारण सभेपुढे व क्षेत्रसभेत वाचले जावेत.

अशा अहवालाच्या पडताळणीत स्थानिक महाविद्यालयेही सहभागी होऊ शकतात. अर्थशास्त्र, लोकप्रशासन, भूगोल व समाजशास्त्र या विभागांना प्रभागनिहाय सर्वेक्षण हा प्रकल्पकार्याचा विषय म्हणून सहज घेता येईल. निर्वाचित सभागृह आता अस्तित्वात आले आहे. त्याच्यापुढे येणाऱ्या पहिल्या काही अहवालांत नाकारलेल्या कुटुंबांचा रकाना असेल की नाही, यावर जालन्यातील घरकुल योजनेचे खरे मूल्यमापन अवलंबून राहील.