वरणावर बंदी, बिअरला सूट

‘युरिक ॲसिड वाढलंय’ असा रिपोर्ट हाती पडला की मराठी घरात पहिली कुऱ्हाड कोसळते ती वरणावर. मग टोमॅटो, पालक, फ्लॉवर, मटकीची उसळ असं एकेक ताटातून हद्दपार होतं. शनिवारची बिअर आणि दुपारचं कोल्ड्रिंक मात्र जागच्या जागी राहतं. युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या गाऊट या सांधेदुखीच्या पथ्यातला सगळ्यात मोठा घोळ हाच.

अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांच्या खाण्यापिण्याची १२ वर्षं नोंद ठेवली गेली. २००४ मध्ये निष्कर्ष आले. मटण आणि मासळी जास्त खाणाऱ्यांना गाऊट अधिक झाला, पण प्युरीनयुक्त भाज्या (प्युरीनपासूनच शरीरात युरिक ॲसिड बनतं) खाणाऱ्यांचा धोका वाढला नव्हता. कमी सायीचं दूध-दही घेणाऱ्यांचा तर कमीच होता. याच नोंदींतून दारूचाही हिशेब निघाला. बिअर सर्वांत घातक, तिच्या खालोखाल व्हिस्की-रमसारखी कडक दारू. २००८ मध्ये साखरेची शीतपेयंही या यादीत आली, कारण त्यांतलं फ्रुक्टोज पचवताना यकृतात युरिक ॲसिड तयार होतं. डबाबंद फळांच्या रसाचंही तेच.

तेव्हा वाटीभर वरण खुशाल खावं. हात आखडायचा तो कलेजी, भेजा, तारली, सुका जवळा यांच्या बाबतीत. आणि ‘सांधे दुखतात, पाया पी’ हा सल्ला गाऊटच्या रुग्णाला तरी देऊ नये. मांस उकळताना त्यातलं प्युरीन पाण्यात उतरतं, म्हणजे रश्शाबरोबर तेही पोटात.

पथ्याचा आवाका किती, हेही माहीत हवं. शरीरातलं सुमारे दोन तृतीयांश युरिक ॲसिड आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून येतं आणि बहुतेक रुग्णांत खरी अडचण असते ती मूत्रपिंडांकडून ते पुरेसं बाहेर न टाकलं जाण्याची. काटेकोर पथ्याने पातळी साधारण १ मिलिग्रॅमने उतरते. ९ वरून ८ झाली तरी सांध्यात साठलेले सुईसारखे स्फटिक विरघळत नाहीत. त्यासाठी ती ६ च्या खाली आणून तिथेच ठेवावी लागते.

स्फटिकांमुळे उठणारा झटका बहुधा रात्री येतो. पायाचा अंगठा लालबुंद होतो, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. अशा वेळी घरचे मिठाच्या पुरचुंडीने शेकायला बसतात. आराम पडतो तो बर्फाने, कापडात गुंडाळून लावलेल्या. आणखी एक गंमत म्हणजे ऐन झटक्यात केलेली रक्ततपासणी नॉर्मलही येऊ शकते. ‘रिपोर्ट चांगला आहे, मग गाऊट नाही’ असं म्हणून मोकळं होऊ नये, दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी.

घरगुती उपायांत ॲपल व्हिनेगरच्या बाजूने ठोस पुरावा नाही. लिंबू-पाणी पाण्यासाठी चांगलं. चेरीबाबत मात्र थोडी आशा आहे. २०१२ च्या ६३३ रुग्णांच्या अभ्यासात चेरी खाल्ल्यानंतरच्या दोन दिवसांत झटके कमी दिसले. पण ते निरीक्षण होतं, औषधाची चाचणी नव्हे. खायच्या सोड्यातलं सोडियम रक्तदाब किंवा किडनीच्या रुग्णाला महागात पडतं, आणि गाऊटवाल्यांत असे रुग्ण पुष्कळ.

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ या समजुतीला उत्तर सह्याद्रीतच उगवतं. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं, म्हणजे गाऊटच्या झटक्यावर डॉक्टर देतात तेच औषध. गोळीत ते ०.५ मिलिग्रॅम मोजून भरलेलं असतं. कंदात किती आहे ते कोण मोजणार? रताळं समजून हा कंद खाल्लेली माणसं दगावली आहेत.

युरिक ॲसिडची पातळी उतरवणाऱ्या ॲलोप्युरिनॉलबद्दल तक्रार असते, ‘गोळी सुरू केली आणि दुखणं वाढलं.’ ते खरंही असतं. पातळी घसरू लागली की जुने स्फटिक सुटे होतात आणि सुरुवातीचे काही महिने झटके येऊ शकतात. म्हणून डॉक्टर कमी मात्रेपासून सुरुवात करतात आणि जोडीला बरेचदा कोल्चिसिन देतात. झटका आला म्हणून ॲलोप्युरिनॉल आपल्या मनाने थांबवू नये. अंगावर पुरळ उठलं तर मात्र पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.