ओळखीच्या शब्दांचे जुने अर्थ

१९८२ साली बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा दुसरा खंड महाराष्ट्र शासनाने काढला. सायमन कमिशन आणि गोलमेज परिषदेतील त्यांची निवेदने त्यात आहेत. गिरण्यांचा संप चालू होता, माणसे घरीच होती. नायगावच्या बीडीडी चाळीत आम्ही रात्री वाचन करीत असू. मी रात्रशाळेत शिकलेला. म्हणून इंग्रजीचा अर्थ सांगायचे काम माझ्याकडे.

एका रात्री परिषदेनंतरच्या 'कम्युनल अवॉर्ड'चा विषय निघाला. 'अवॉर्ड म्हणजे पारितोषिक,' असे मी बेधडक सांगितले. कोपऱ्यात बसलेले एक निवृत्त साचेवाले म्हणाले, "बक्षीस कुणाला मिळालं रे? इंडस्ट्रियल कोर्टाचा अवॉर्ड ठाऊक नाही का तुला? निवाडा म्हण. आम्ही तेव्हा जातीय निवाडाच म्हणायचो." त्यांना इंग्रजी येत नव्हते. चूक मात्र माझीच होती.

ही चूक केवळ भाषेची नाही. प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर परिषदेत एकमत झाले नाही, म्हणून ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांनी ऑगस्ट १९३२ मध्ये निर्णय दिला. त्याला बक्षीस म्हटले की स्वतंत्र मतदारसंघ ही सरकारची मेहेरबानी ठरते. निवाडा म्हटले की त्याआधी आपला दावा होता, त्यासाठी कोणी तरी भांडले होते, हे ध्यानात येते.

तेव्हापासून मी एक गोष्ट शिकलो. जुन्या इंग्रजीत कठीण शब्द फसवीत नाहीत. ते आले की आपण कोश उघडतो. फसवितात ते ओळखीचे शब्द.

'डिप्रेस्ड क्लासेस' घ्या. आजच्या मुलाला डिप्रेशन म्हणजे मनाची खिन्नता माहीत आहे. त्या काळच्या या शब्दाचा अर्थ आहे दाबलेले, दडपलेले. १९२४ साली परळच्या दामोदर हॉलमध्ये जिचा पाया घातला गेला, त्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२८ साली सायमन कमिशनला निवेदन दिले, तेव्हा सभेचे इंग्रजी नाव 'डिप्रेस्ड क्लासेस इन्स्टिट्यूट' असे दिले होते. मराठीत बाहेर घातलेले, इंग्रजीत दाबलेले. दोन्ही शब्दांत करणारा दुसराच आहे. पुढे १९३१ साली बाबासाहेबांनी हे इंग्रजी नावही बदलून मागितले.

'डिसॅबिलिटी' म्हणजे आज अपंगत्व. १८५० च्या एकविसाव्या कायद्याच्या नावात मात्र 'कास्ट डिसॅबिलिटीज' असे शब्द आहेत. जातीबाहेर टाकलेल्या किंवा धर्म बदललेल्या माणसाचा वारसाहक्क बुडू नये, म्हणून तो कायदा होता. तेथे डिसॅबिलिटी म्हणजे लादलेली अपात्रता. विहीर, रस्ता, शाळा यांच्या बंदीलाही हाच शब्द येतो. उणीव आपल्या अंगात नव्हती.

'पोल्यूशन' म्हटले की लालबागच्या माणसाला गिरणीचा धूर आठवतो. अस्पृश्यतेवरील लिखाणात त्याचा अर्थ विटाळ. 'शेड्यूल' म्हणजे आपल्याला वेळापत्रक वाटते. कायद्याच्या भाषेत ती कायद्याला जोडलेली यादी. १९३५ च्या कायद्याने आलेल्या 'शेड्यूल्ड कास्ट्स'चा अर्थ एवढाच, की त्या यादीत नोंदलेल्या जाती.

यावर उपाय साधा आहे. मजकूर कोणत्या साली लिहिला ते आधी पाहावे. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश शब्दांचे अर्थ कालक्रमाने देतो. त्या सालापर्यंतचा अर्थ घ्यावा, त्यापुढचा सोडावा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत, आपला मराठी शब्द काढून त्या काळी त्याला कोणता इंग्रजी शब्द देत हे पाहावे. आणि १९२७ चे 'बहिष्कृत भारत', १९३० नंतरचे 'जनता' चाळावे. तीच घटना तेथे आपल्या भाषेत सांगितलेली असते.

सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर हे खंड विकत घेणारी तरुण मुले मी दरवर्षी पाहतो. त्यांच्या हातातला मोबाईल बहुधा आजचा अर्थ आधी सांगतो. तेवढ्यावर थांबले, तर दडपलेला माणूस खिन्न ठरतो आणि हक्क नाकारलेला माणूस अपंग. मग दडपणारा कोण होता, हा प्रश्नच उरत नाही. म्हणून पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीने साल लिहा आणि मगच अर्थ लिहा. घरात कोणी म्हातारे असेल, तर त्यांनाही विचारा.