पाठीचा कणा आणि हातांचा इलाज

कंबरदुखी नाही असे घर आज शोधूनही सापडणार नाही. धुणीभांडी करताना आईची कंबर भरते, रुकूतून सरळ उभे राहताना वडिलांना कळ येते आणि मुलांची मान तर मोबाईलवर वाकलेलीच असते. त्याच मोबाईलवर आता मान-पाठ ‘कडकन्’ मोडून देणारे व्हिडिओ दिसतात. या पद्धतीचे नाव कायरोप्रॅक्टिक. घरातले वडीलधारे विचारतात, ‘एकदा जाऊन बघू का?’ त्याचे उत्तर देण्याआधी या उपचारामागचा विचार समजून घेऊ या.

अमेरिकेतील आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट येथे डॅनियल डेव्हिड पामर हे गृहस्थ चुंबकीय उपचार करीत. १८९५ साली त्यांनी हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका हाताने दाबून बसवला आणि त्याचे बहिरेपण गेले, असा दावा केला. ग्रीक भाषेत ‘हात’ आणि ‘कृती’ यांसाठी असलेल्या शब्दांवरून उपचाराला नाव मिळाले. १८९७ मध्ये पामर यांनी शाळाही काढली. पुढे त्यांचे चिरंजीव बी. जे. पामर यांनी या पद्धतीचा मोठा प्रसार केला.

पामर यांचे म्हणणे थोडक्यात असे : शरीरात एक उपजत शहाणपण आहे. ते मज्जातंतूंमधून सर्व अवयवांना चालवते. मणका जागेवरून किंचित सरकला की त्या वाटेत अडथळा येतो आणि माणूस आजारी पडतो. या सरकण्याला ‘सबलक्सेशन’ म्हणतात. शंभरातले ९५ आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात, असे त्यांनी लिहिले. म्हणजे मणका बसवला की शरीर स्वतःच बरे होईल!

शरीरात बरे होण्याची ताकद असते, हे खरेच. खरचटलेली कातडी आपोआप भरून येते. पण त्यावरून बहुतेक आजारांचे मूळ मणक्यात आहे, हे सिद्ध होत नाही. ऐकण्याचा मज्जातंतू तर कानातून थेट मेंदूत जातो, पाठीच्या कण्यातून जात नाही. ब्रिटनमधील कायरोप्रॅक्टरांच्या नियामक परिषदेनेच २०१० साली स्पष्ट केले की, सबलक्सेशन आजारांचे कारण असल्याला संशोधनाचा आधार नाही. या व्यवसायातही सुरुवातीपासून दोन तट आहेत : एक मूळ तत्त्वज्ञानाला चिकटून राहणारा, दुसरा व्यायाम आणि इतर उपचारांची जोड देणारा.

मग हाती काय उरते? कंबरदुखी. अमेरिकेतील फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शनात साध्या कंबरदुखीसाठी गोळ्यांआधी शेक, मालिश यांच्याबरोबर हाताने मणक्यावर करायचा उपचारही सुचवला. मात्र त्याचा फायदा बेताचाच असतो. आणि तो ‘कडकन्’ आवाज? तो हाड जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होताना तो येतो. बोटे मोडतानाही तसेच होते.

खरी काळजी मानेची आहे. मान झटक्याने पिळल्यावर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. असे क्वचित घडते, पण घडले तर आयुष्यभराचे दुखणे होते. म्हणून सलूनमध्ये दाढीनंतर मान मोडून घ्यायची सवय आजच सोडलेली बरी.

दुखण्याबरोबर पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप, कारण नसताना वजन घटणे, पडल्यावर सुरू झालेली वेदना किंवा पूर्वीचा कर्करोग असेल, तर आधी डॉक्टर गाठा. हाडे ठिसूळ झालेल्या आजी-आजोबांच्या आणि तान्ह्या बाळांच्या पाठीवर असे प्रयोग नकोतच.

आपल्याकडे या व्यवसायासाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. म्हणून समोरच्याचे शिक्षण कुठे झाले, हे निःसंकोच विचारा. पाठीसाठी गेल्यावर तो दमा, मधुमेह किंवा बाळाचे रडणेही मणक्यातून बरे करतो म्हणाला, औषधे बंद करायला सांगू लागला किंवा वर्षभराचे पैसे आगाऊ मागू लागला, तर उठून यावे. साधी कंबरदुखी बहुतेकदा काही आठवड्यांत उतरते. तोवर अंथरुण धरू नये, झेपेल तेवढे चालावे आणि आईच्या हातातली पाण्याची बादली घरातल्या दुसऱ्या कोणीतरी उचलावी.