अपरिचित संगणकावरील फायलींचा शोध

विंडोज प्रणालीवर हात बसलेला विद्यार्थी प्रथमच लिनक्सपुढें बसला, म्हणजे आपला निबंध गेला कोठें, या विचारानें तो गोंधळून जातो. निबंध गेलेला नसतो; घराची रचना मात्र निराळी असते, व तीच प्रथम समजून घेतली पाहिजे.

विंडोजमध्यें 'सी', 'डी' असे पृथक् ड्राइव्ह दिसतात. लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिलेल्या लिनक्समध्यें, जुन्या युनिक्सच्या रीतीप्रमाणें, एकच मूळ असतें. तें '/' या तिरप्या रेघेनें दर्शवितात. सर्व शाखा त्यांतूनच फुटतात. बाहेरून जोडलेला पेनड्राइव्हहि एखाद्या शाखेवरच येऊन बसतो. आपलें लेखन बहुधा 'होम' या शाखेंत, आपल्या नांवाच्या कप्प्यांत सांपडतें.

टर्मिनलमध्यें 'पीडब्ल्यूडी' ही आज्ञा आपण कोठें आहों तें सांगते, 'एलएस' तेथें काय आहे तें दाखविते, आणि 'फाइंड' नांवावरून दूरची फाइलहि शोधून देते. नांवांतील रोमन मोठें व लहान अक्षर येथें भिन्न मानतात. ज्या नांवाच्या आरंभीं टिंब असतें, तें सामान्य यादींत दिसत नाहीं. तेव्हां न दिसणें म्हणजे नसणें नव्हे.

'आरएम' या आज्ञेविषयीं मात्र विशेष सावध असावें. तिनें पुसलेली फाइल कचरापेटींत जात नाहीं, व सहसा परतहि मिळत नाहीं. यास्तव आम्ही विद्यार्थ्यांस सांगतों कीं, प्रथम आपण कोठें आहों तें पाहावें, यादी वाचावी, लेखनाची एक प्रत अन्यत्र ठेवावी, आणि मगच पुसावें. हा क्षणाचा विलंब महिन्याचे श्रम वांचवितो.